देवळालीहून विलायतेला गेलेला शब्द

मंडळातील सर्व ज्येष्ठांना व मित्रमैत्रिणींना नमस्कार.

माझे बालपण नाशिकजवळ, देवळाली कॅम्पात गेले. इंग्लंडला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात, किल्ली कुठे ठेवली ते आठवेना म्हणून शेजारच्या आजींनी कपाळाला बोट लावून 'मी अगदी डूलॅली झाले' असे म्हटले, तेव्हा मला तो 'डिली-डॅली'चाच प्रकार वाटला. दोन्ही शब्द घरगुती बोलीतले आणि कानाला सारखे. नाते मात्र काहीही नाही. 'डिली-डॅली' म्हणजे रेंगाळणे; त्यातला 'डॅली' जुन्या फ्रेंचमधला, तर 'डिली' हे आपल्या 'चहाबिहा'तल्या 'बिहा'सारखे शेपूट, फक्त पुढे लावलेले. 'डूलॅली' म्हणजे भ्रमिष्ट, आणि तो शब्द म्हणजे आपली देवळाली.

ब्रिटिश अमदानीत नोकरीची मुदत भरलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत थांबत. या बोटी साधारण हिवाळ्याच्या हंगामातच सुटत असल्याने, उन्हाळ्याच्या तोंडावर ज्याची मुदत संपे त्याला ऊन, रिकामपण आणि हिवताप सोसत महिनोन्महिने तिथेच दिवस काढावे लागत. त्यांतला एखादा सैरभैर झाला की सोबती म्हणत, याला 'देवळाली टॅप' झाला. हा 'टॅप' इंग्रजीतला नळ नव्हे आणि थापही नव्हे. तो हिंदुस्थानीतला 'तप', म्हणजे ज्वर, आपल्या 'तापा'चाच भाऊबंद. पुढे 'टॅप' गळून पडला आणि गावाचे नाव तेवढे उरले. ज्या मैदानांवर आम्ही खेळलो तिथे कुणी घराच्या ओढीने असे झुरले, हे कळल्यापासून तो शब्द मला हसण्यावारी नेता येत नाही.

'कुशी' आणि 'कुशन' ही जोडीही फसवी आहे. आरामाची नोकरी ती 'कुशी', म्हणून तिचा संबंध मऊ कुशनशी लावला जातो. परंतु कुशन फ्रेंचमधून आले, तर 'कुशी' हा हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेने उचललेला 'खूश'. बड्या असामीला 'बिग चीज' म्हणतात, त्यातले चीजही खाण्याचे नसून 'काय चीज आहे' मधले असावे, असे कोशकार मानतात.

मागच्या खेपेस नाशिकहून परतताना मी देवळाली स्थानकावरच्या पिवळ्या पाटीचे छायाचित्र आणले आणि त्या आजींना दाखवले. त्यांनी इंग्रजी अक्षरे सावकाश लावली, 'डिओ-ला-ली'. मग भरभर म्हणून पाहिले, आणि चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या.