मोटर फिरली की चिप का भरकटते? सप्लायचा डिप (व्होल्टेजचा क्षणिक खड्डा) पकडायची पद्धत

मंडळाचा देखावा आहे. सर्वो मोटर उंदराची मान हलवते, आणि मान हलली रे हलली की अर्डुइनो (मोटर चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) पहिल्यापासून प्रोग्रॅम सुरू करतो. कधी तर रिसेटही होत नाही, नुसता अडकून बसतो. कधी ईईप्रॉममध्ये (लाइट गेली तरी टिकणारी मेमरी) जपून ठेवलेला आकडा भलताच निघतो. मीटर लावावा तर तो आरामात ४.९८ व्होल्ट दाखवतो.

मीटरचा दोष नाही. साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो, आणि मोटर सुरू होतानाचा खड्डा त्याआधीच येऊन गेलेला असतो. वायर, ब्रेडबोर्डचे सांधे, ग्राउंड असं सगळं मिळून अर्धा ओहम भरला, तर एक अँपियरच्या झटक्याला अर्धा व्होल्ट तिथेच संपला. म्हणून मोटरची ५ व्होल्ट आणि ग्राउंडची वायर थेट सप्लायपासून वेगळी ओढा, चिपच्या वाटेने नको. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी या व्हिडिओचा पुढचा भाग आहे.

व्होल्टेज उतरलं की चिपच्या आत नेमकं काय होतं? प्रत्येक गेटला, म्हणजे आतल्या छोट्या स्विचिंग सर्किटला, पुढच्या गेटची कपॅसिटन्स भरावी लागते. व्होल्टेज कमी तर करंट कमी, आणि भरायला वेळ जास्त. क्रिस्टलचा क्लॉक मात्र कुणासाठी थांबत नाही. बेरजेचं उत्तर अजून वाटेत असतं, तेवढ्यात क्लॉकचा ठोका पडतो आणि फ्लिप-फ्लॉप (एक बिट टिपून ठेवणारं सर्किट) अर्धवट मूल्य उचलतो. तेव्हा 'व्होल्टेज किती उतरलं' एवढंच विचारून भागत नाही. कुठल्या क्लॉकवर चालताना उतरलं, तेही बघावं लागतं.

(स्क्रीनवर: ॲटमेगा३२८पीचा वेग आणि व्होल्टेजचा आलेख)

अर्डुइनो ऊनोवरची चिप ॲटमेगा३२८पी ४.५ व्होल्टला २० मेगाहर्ट्झ चालते, २.७ व्होल्टला १० मेगाहर्ट्झ, आणि मध्ये सरळ रेषा. त्या रेषेवर १६ मेगाहर्ट्झला लागतात ३.७८ व्होल्ट. आणि ऊनोचा ब्राऊनआउट डिटेक्टर, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की चिप रिसेट करणारा राखणदार, कितीवर लावलेला येतो? २.७ वर. म्हणजे ३.७८ ते २.७ हा एक व्होल्टहून मोठा पट्टा असा आहे, की चिप वाटेल ते करू शकते आणि राखणदार गाढ झोपेत! ईईप्रॉम बिघडतं ते याच पट्ट्यात.

पातळी ४.३ वर नेता येते, पण फ्यूज (चिपच्या आतल्या सेटिंगचे बिट) बदलायला आयएसपी प्रोग्रॅमर (चिपमध्ये थेट लिहिणारं साधन) हवा. यूएसबीएएसपी किंवा दुसरा ऊनोसुद्धा चालतो. मात्र ४.३ ही नाममात्र किंमत आहे, खरी ४.१ ते ४.५ मध्ये कुठेही असू शकते. पाच व्होल्टची वायर लांब असली तर उगाच रिसेट होत राहील. माझं मत विचाराल तर पातळी २.७ वरच ठेवा आणि क्लॉक खाली आणा. आतला ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर निवडा. या क्लॉकला २.७ व्होल्ट पुरतात, त्यामुळे डिटेक्टर जागा होतो तोवर चिप शुद्धीवर असते. अर्डुइनो आयडीईत मिनीकोर हे ॲड-ऑन टाकून त्याच्या मेनूत क्लॉक आणि ब्राऊनआउटची पातळी निवडायची आणि 'बर्न बूटलोडर' दाबायचं. हेक्सचे आकडे हाताने टाकून चुकीचा क्लॉक निवडला, तर चिप बाहेरून क्लॉक दिल्याशिवाय बोलत नाही.

रिसेट नक्की ब्राऊनआउटमुळेच झाला का, हे एमसीयूएसआर रजिस्टरचा बीओआरएफ बिट सांगतो. पण ऑप्टिबूट बूटलोडर (चिप सुरू होताच आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) ते रजिस्टर तुमच्या स्केचच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या, आधीच पुसतो. शून्य दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

डिप डोळ्यांनी बघायचा तर ऑसिलोस्कोप. दोन ओळी पायांच्या (डीआयपी) चिपमध्ये पिन ७ सप्लाय आणि पिन ८ ग्राउंड, प्रोब तिथेच टेकवा, पॉवर सप्लायच्या टोकाला नाही. प्रोबची लांब मगर-क्लिप काढा आणि स्प्रिंग लावा, नाहीतर त्या वायरीचं इंडक्टन्स स्वतःचीच शिट्टी दाखवतं. ट्रिगर उतरत्या कडेला, ४.६ व्होल्टवर, सिंगल मोडमध्ये. आता मोटर फिरवा.

आता व्होल्टेज उतरायला लागताच चिपला इशारा देणारं सर्किट. गुरुवारी लाइट जाते हे पुणेकराला सांगायला नको, पण चिपला ते आधी कळायला हवं. हे व्हेरोबोर्डवरच्या सुट्या चिपसाठी आहे. ऊनोच्या बोर्डावर यूएसबीची चिप आणि एलईडीच साठवलेला चार्ज खाऊन टाकतात.

एलएम३९३ (दोन व्होल्टेजची तुलना करणारा कंपॅरेटर), टीएल४३१ (स्थिर संदर्भ व्होल्टेज देणारी चिप), १एन५८१९ डायोड आणि ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. सगळं पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतं. पाच व्होल्ट डायोडमधून चिपकडे जातात आणि कपॅसिटर डायोडनंतर येतो, म्हणजे मोटर त्याचा चार्ज ओढू शकत नाही. टीएल४३१ला १ किलोओहममधून सप्लाय द्या, तो २.४९५ व्होल्टचा संदर्भ एलएम३९३च्या मायनस इनपुटला देतो. डायोडच्या आधीच्या पाच व्होल्टवरून १० आणि १२ किलोओहमचा डिव्हायडर, १२ किलोओहम ग्राउंडकडे, मधला बिंदू प्लस इनपुटला. आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे फक्त खाली ओढतं, त्याला १० किलोओहमचा पुल-अप न विसरता लावा. आउटपुटपासून प्लस इनपुटकडे १ मेगाओहम.

या किमतींना इशारा साधारण ४.५६ व्होल्टला येतो आणि ४.६० ला परत जातो. तो १ मेगाओहम गाळला, तर उंबरठ्यावर आउटपुट थरथरत राहतं. रेझिस्टर एक टक्क्याचे निळे घ्या. पाच टक्क्यांच्या रेझिस्टरने उंबरठा ०.२ व्होल्टपर्यंत सरकू शकतो, मग सगळं गणितच पाण्यात. मोटरच्या बारीक काट्यांनी इशारा येऊ नये म्हणून प्लस इनपुट आणि ग्राउंडमध्ये १० नॅनोफॅरॅड. एलएम३९३मधल्या रिकाम्या कंपॅरेटरची इनपुट ग्राउंडला जोडा.

आउटपुट इंटरप्टच्या (चालू काम थांबवून लगेच दुसरं करायला लावणाऱ्या) पिनला द्या. इंटरप्ट आला की सर्वोच्या सगळ्या पिना आधी लो करा. हे चुकलं तर कपॅसिटरचा चार्ज सिग्नलच्या वायरीतून मेलेल्या सर्वोकडे झिरपतो. मग ईईप्रॉम लिहा. एका बाइटला सुमारे ३.४ मिलिसेकंद, चार बाइटला १३.६. २० मिलिअँपियर धरा. डायोडनंतर ४.३ व्होल्टवरून २.९ पर्यंत उतरायला जागा आहे, १.४ व्होल्ट. करंट गुणिले वेळ भागिले व्होल्टेज, म्हणजे १९४ मायक्रोफॅरॅड. इलेक्ट्रोलिटिक छापील किमतीपेक्षा वीस टक्के कमी निघू शकतो आणि उन्हात सुकतो, म्हणून ४७०.

एक चूक सर्रास होते. मोटरच्या प्रत्येक झटक्याला इशारा येत असेल आणि प्रत्येक वेळी ईईप्रॉम लिहिलं, तर दर दहा सेकंदांना एक याप्रमाणे गणपतीच्या दहा दिवसांत ८६,४०० वेळा लिहून होतं. ईईप्रॉमच्या एका बाइटचं हमीचं आयुष्य १ लाख वेळा. विसर्जनापर्यंत ते संपत आलेलं असेल. आधी वायरिंग सुधारा, आणि आकडा बदललेला असेल तरच लिहा.

मोठ्या प्रोसेसरच्या आत हीच गोष्ट नॅनोसेकंदांत घडते. एक नॅनोहेन्रीच्या वाटेने एका नॅनोसेकंदात एक अँपियर वाढला, तर एक व्होल्ट पडतो. कंपॅरेटर तिथे पोहोचेपर्यंत खेळ संपलेला असतो. म्हणून तिथे व्होल्ट मोजतच नाहीत, थेट गेटचा संथपणा मोजतात. क्लॉकची कड बफरच्या (सिग्नल तसाच पुढे देणाऱ्या गेटच्या) साखळीत सोडायची आणि पुढच्या ठोक्याला ती कुठवर पोचली हे फ्लिप-फ्लॉपनी टिपायचं. आयबीएमच्या पॉवर७ प्रोसेसरमध्ये याच जातीचे 'क्रिटिकल पाथ मॉनिटर' आहेत. कड मागे पडली की क्लॉक हळू करता येतो.

हे एफपीजीएवर (आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशी चिप) घरी करता येतं. झायलिंक्सच्या सात सिरीजमधला एक्सएडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) आतल्या कोअरचं व्होल्टेज मोजतो आणि त्याचं किमान मूल्य लक्षातही ठेवतो, पण मायक्रोसेकंदाला एकदाच बघतो. १०० मेगाहर्ट्झवर तोवर शंभर ठोके होऊन जातात. त्यामुळे कॅरी चेनची (बेरजेचा हातचा पुढे नेणाऱ्या वाटेची) साखळी बांधा आणि निवांत असताना कड मधोमध पडेल अशी लांबी ठेवा. टिपलेल्या कोडात एकच्या रांगेत मध्येच शून्य घुसतं, तेव्हा शेवटचा एक शोधू नका, एकूण किती एक आहेत ते मोजा. चिप तापली तरी ही बेरीज सरकते, म्हणून निवांत आकडा मोजणीच्या आधी दर वेळी नव्याने घ्या. मग काही हजार फ्लिप-फ्लॉप एकाच ठोक्याला उलटसुलट करा आणि बेरीज किती पायऱ्या खाली येते ते बघा.