पदरच्या पैशाची तलवार

[पडद्यावर: पोर्ट्समथ बंदर. धक्क्याला लागलेली जुनी लाकडी युद्धनौका.]

ब्रिटिश नौदलात जहाज सरकारचं, तोफा सरकारच्या, दारूगोळाही सरकारचा. शत्रूच्या जहाजावर उड्या घेणाऱ्या खलाशांच्या हातातल्या कटलास, म्हणजे आखूड आणि जाड पात्याच्या तलवारी, त्याही सरकारी कोठारातल्या. अधिकाऱ्याची तलवार मात्र त्याला पदरचे पैसे मोजून घ्यावी लागे. गणवेश त्याचा, तशी तलवारही त्याचीच. या एका रिवाजावर लंडन, पोर्ट्समथ आणि बर्मिंगहॅममधल्या कितीतरी घरांच्या चुली पेटत होत्या.

सुरुवातीला अशी तलवार कशी असावी, याला काही धरबंध नव्हता. ज्याला जी आवडेल, परवडेल, ती त्याने कमरेला लावायची. १८०५ साली नौदलाने पहिल्यांदा नमुना ठरवून दिला: कप्तान आणि कमांडर यांना हस्तिदंती मूठ, लेफ्टनंटला माशाच्या काळ्या कातड्याची. त्याच वर्षी, २१ ऑक्टोबरला, फ्रेंच आणि स्पॅनिश आरमाराशी ट्रफाल्गरची लढाई झाली. ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याची तलवार त्या दिवशी त्याच्या खोलीतल्या मेजावरच राहिली. तो ती न बांधता डेकवर गेला आणि तिथेच त्याला गोळी लागली.

[पडद्यावर: निळ्या-सोनेरी पात्याची तलवार, संथपणे सरकणारा कॅमेरा.]

त्या काळातल्या सर्वांत देखण्या तलवारी बक्षिसाच्या होत्या. १८०३ साली लंडनमधल्या लॉइड्सच्या व्यापाऱ्यांनी आणि विमेकऱ्यांनी वर्गणी काढून एक देशभक्त निधी उभारला. लढाईत पराक्रम केलेल्या अधिकाऱ्यांना त्यातून तलवारी दिल्या जात. त्यांचे तीन दर होते: १०० पौंडांची, ५० पौंडांची आणि ३० पौंडांची. कोणाला कोणती, हे हुद्द्यावर ठरे. १०० पौंड म्हणजे त्या वेळच्या लेफ्टनंटचा जवळपास वर्षाचा पगार. या तलवारी लंडनच्या स्ट्रँड भागातला रिचर्ड टीड पुरवत असे. तलवारीऐवजी चांदीची भांडी किंवा रोख रक्कमही मागता येई, आणि काहींनी ती मागितली. घरी बायकापोरं असलेल्या माणसाने रोख घेतली, तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ वळणार नाही.

हे पातं जवळून बघा. त्यावरची निळाई रंगाची नाही. घासून लख्ख केलेलं पोलाद साधारण ३०० अंशांच्या आसपास तापवलं की ते स्वतःच निळं होतं. सोनं पाऱ्यात कालवून त्याचा लेप नक्षीवर द्यायचा आणि पातं तापवायचं. पारा उडून जातो, सोनं धरून राहतं. उडालेला पारा जायचा कुठे? समोर बसलेल्या कारागिराच्या छातीत. हात थरथरू लागणं, दात सैल होणं, ही या धंद्यातली ओळखीची दुखणी होती. पात्यावर अधिकाऱ्याचं नाव, त्याचं जहाज, त्याचा पराक्रम, सगळं सोनेरी अक्षरांत असे. मुलामा देणाऱ्याचं नाव कुठेच नसे.

१८०९ साली ही बक्षिसं थांबली. लढवय्यांना कोणी नावाजायचं, राजाने की व्यापाऱ्यांनी, असा वाद त्याआधी झडला होता.

[पडद्यावर: सोलिंगेन. वुपर नदीचं पाणी, पाणचक्की, शाणेचे दगड.]

आता पात्याकडे येऊ. अठराव्या शतकात इंग्रजांच्या कमरेच्या कितीतरी तलवारींची पाती जर्मनीतून यायची. वुपर नदीकाठचं सोलिंगेन हे शतकानुशतकं पातीच घडवत आलेलं गाव. नदीच्या जोरावर शाण फिरे आणि शाणेच्या दगडाची धूळ शिकलगारांच्या फुफ्फुसात साचत जाई. युरोपातली अशी पाती आपल्याकडेही पोर्तुगीजांच्या व्यापारातून येत होती. मराठी सैन्यात त्यांना देशी मूठ बसवून फिरंग म्हणून वापरत. लंडनमध्ये जे. जे. रुंकेलसारखे आयातदार सोलिंगेनची पाती आणत, आणि त्यावर आपलं नाव कोरून घेत.

बर्मिंगहॅमच्या टॉमस गिलला हे खुपत होतं. आपली पाती जर्मन पात्यांच्या तोडीस तोड आहेत, असं तो सरकारला आणि गिऱ्हाइकांना ओरडून सांगत होता. १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीला घोडेस्वारांसाठी तलवारी हव्या होत्या, तेव्हा सगळ्यांची पाती एकाच यंत्रात वाकवून पाहिली गेली. गिलच्या २,६५० पात्यांपैकी ४ नापास झाली. जर्मन १,४०० पैकी २८. आणि बाकीच्या इंग्रज कारखानदारांच्या २,७०० पैकी तब्बल १,०८४! गिलने पुढे आपल्या पात्यांवर ‘कधीही दगा देणार नाही’ अशी हमीच कोरायला सुरुवात केली. मला हा या धंद्यातला खरा वळणाचा क्षण वाटतो. तलवारीची परीक्षा रणांगणात होईपर्यंत थांबायचं नाही, ती दुकानातच करून द्यायची, ही रीत इथून पुढे रुजत गेली.

[पडद्यावर: १८२७च्या नमुन्याची मूठ, सर्व बाजूंनी.]

नौदल अधिकाऱ्याची आजची तलवार ठरली ती १८२७ साली. मुठीच्या शेंड्याला सिंहाचं डोकं. हाताला झाकणारी सोनेरी मुलाम्याची पितळी परज, तिच्यावर मुकुट आणि दोर गुंडाळलेला नांगर. मुठीवर माशाचं पांढरं कातडं, शार्क किंवा आपल्या कोकणातल्या पाकटासारख्या माशाचं, आणि त्यावर तारेचे वेढे. हे कातडं मुद्दाम निवडलेलं असे. ते इतकं खरबरीत असतं, की ओल्या हातातूनही मूठ निसटत नाही. परजेच्या आतल्या बाजूला एक बिजागरीची पट्टी असते. तलवार कमरेला असताना ती दुमडायची, म्हणजे कोट फाटत नाही.

आधीचं पातं पाठीला नळीसारखी गोल कड असलेलं होतं. १८४६ साली त्याच्या जागी सपाट पाठीचं, एका पन्हळीचं पातं आलं. ते हेन्री विल्किन्सनचं. विल्किन्सनचं घराणं मुळात बंदुकवाल्यांचं. हेन्री नॉकने १७७२ साली काढलेलं बंदुकांचं दुकान पुढे विल्किन्सनांकडे आलं आणि लंडनच्या पॉल मॉलमध्ये स्थिरावलं. बंदुकीच्या नळीची जशी परीक्षा घेतात, तशी पात्याची का घेऊ नये, हा हेन्री विल्किन्सनचा विचार. त्याने त्यासाठी यंत्रच बनवलं. पातं त्यात धरून ठरावीक जोराने आपटायचं, मग वाकवायचं. सोडल्यावर ते पुन्हा सरळ झालं पाहिजे. जरा वाकडं राहिलं, तर पाणी, म्हणजे तापवून बुडवून पोलादाला आणलेला कडकपणा, नीट बसलं नाही. तुकडा पडला, तर पाणी जास्त झालं. पास झालेल्या पात्यात, मुठीलगतच्या धार नसलेल्या भागात, पितळेची एक लहान चकती ठोकून बसवत. तीच त्याची हमी. चांगल्या प्रतीच्या पात्याच्या पाठीवर अनुक्रमांक घालत, आणि वहीत लिहीत: तारीख, पात्याचा प्रकार, घेणाऱ्याचं नाव.

[पडद्यावर: पात्यावर आम्लाने कोरलेली दुकानदारांची नावं, एकामागून एक.]

पण नौदलातला कोवळा अधिकारी विल्किन्सनच्या दुकानात जाईच असं नाही. तो जायचा बंदरातल्या शिंप्याकडे. कोट, टोपी, बिल्ले, पट्टा, पेटी आणि तलवार, सगळं एका छताखाली, आणि बहुतेक वेळा उधारीवर. पगारातून महिन्याच्या महिन्याला पैसे वळते होत. पोर्ट्समथचं गीव्हज हे त्यातलं सर्वांत नावाजलेलं दुकान. शिंपी तलवार घडवत नसे. तो पातं मागवायचा, त्यावर आपलं नाव कोरून घ्यायचा. बर्मिंगहॅमची रॉबर्ट मोल ही पेढी अशा कितीतरी दुकानांना, अगदी विल्किन्सनलाही, माल पुरवायची. शेवटी १९२० साली विल्किन्सनने तीच विकत घेतली. म्हणून जुन्या तलवारीवर जे नाव दिसतं, त्या माणसाने कदाचित कधी हातोडा उचललेलाही नसेल.

मुंबईतही हेच. काळाघोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही इमारत आजही उभी आहे. १८७१ साली लंडनमध्ये लष्करी आणि नौदल अधिकाऱ्यांनीच काढलेल्या सहकारी भांडाराची ही शाखा १८९१ साली सुरू झाली. त्या भांडाराचं नाव कोरलेल्या तलवारी आजही सापडतात.

[पडद्यावर: लांब मेज, त्यावर आडवी ठेवलेली तलवार.]

लढाईतून तलवार गेली, तरी तिचा मान गेला नाही. अधिकाऱ्यावर लष्करी खटला चालला, की त्याची तलवार न्यायाधीशांपुढच्या मेजावर ठेवत. निकालासाठी त्याला आत बोलावलं जाई, तेव्हा तोंडाने कोणी काही बोलायच्या आधीच त्याला सगळं कळे. टोक त्याच्याकडे असेल, तर तो दोषी. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या तलवारीनेच निकाल सांगायचा! ब्रिटनमध्ये ही प्रथा २००४ साली बंद झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर तलवार विकत घेण्याची सक्ती उरली नाही. आज तिथले बहुतेक अधिकारी समारंभापुरती ती नौदलाकडून उसनी घेतात. विल्किन्सनचं नाव तोवर दाढीच्या पात्यांनी घराघरांत पोचलं होतं. लंडनमधलं त्यांचं तलवारींचं काम २००५ साली थांबलं. सोलिंगेनमध्ये मात्र आजही लष्करी तलवारी बनतात. आपल्याकडे देहरादूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स, १९४३ साली सुरू झालेली, जगभरच्या सैन्यांसाठी समारंभी तलवारी घडवते. भारतीय नौदलाच्या चिन्हांवरून १९५० साली मुकुट गेला आणि अशोकाचे सिंह आले. तलवार राहिली.

[पडद्यावर: हातमोजे घातलेले हात, म्यानातून बाहेर येणारं पातं.]

तुमच्या घराण्यात कोणी जुन्या नौदलात होतं आणि माळ्यावर अशी तलवार असेल, तर ती उघड्या बोटांनी धरू नका, घामाने पोलाद गंजतं. आधी मुठीलगतची नावं वाचा. मग पात्याची पाठ मुठीजवळ पुसून बघा. तिथे अंक असेल आणि तलवार विल्किन्सनची असेल, तर जुन्या नोंदवह्या अजून शाबूत आहेत. त्या १८५०च्या दशकापासूनच्या आहेत. त्या अंकासमोर ती कोणी, कोणत्या दिवशी घेतली, हे बहुधा सापडेल.