हतनूरच्या पाण्यात कीलबोट : आधी थांबवायला शिका

क्रेनला बोट टांगलीये, तिच्या पोटाखाली ते जाड पातं दिसतंय बघा. ती कील. छोट्या कीलबोटीत एकूण वजनाचा मोठा हिस्सा तिथेच असतो, शिशाचा नाहीतर लोखंडाचा. भुसावळच्या या दोघा भावांनी मुंबईहून सात मीटरची जुनी बोट घेतली, ट्रेलरवर कसारा घाट चढवून आणली, परवानगीचे हेलपाटेही झाले, आणि आता ती हतनूर धरणाच्या पाण्यात उतरतेय.

घरच्यांचा प्रश्न एकच, उलटेल का? वाऱ्याने आडवी झाली तरी कीलचं वजन तिला परत उभी करतं, पण झाकणं उघडी राहून पाणी आत शिरलं तर तेच वजन तिला तळाला नेतं. म्हणून धाकटा बघा, शीड चढवायच्या आधी प्रत्येक कप्प्याचं झाकण दाबून कडी लावतोय. लाइफ जॅकेट तर धक्क्यावरच चढवलं दोघांनी.

इथे चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, दोन्ही नद्या गाळ घेऊन येतात, आणि कील पाण्यात सव्वा मीटर खाली जाते. त्यामुळे आधी शीड नाहीच, मासेमारी करणाऱ्या काकांच्या होडीतून बांबूने खोली मोजत फिरायचं, जाळी कुठे, बुडालेली झाडं कुठे, हे काकांना जितकं ठाऊक आहे तितकं कुठल्याच नकाशात सापडणार नाही. तरी रुतलीच तर सगळ्यांनी एका बाजूला बसायचं, बोट कलते, कील थोडी वर येते, आणि आल्या वाटेने मागे फिरायचं.

आता शीड चढलं. सगळ्यांना पळवायची घाई असते, मुंबईहून आलेले सर मात्र आधी थांबवायलाच शिकवतात आणि आमच्या मते शिकायची हीच पद्धत बरोबर आहे. नाक वाऱ्याकडे वळवा, शिडाच्या दोऱ्या सोडा, शीड फडफडतं आणि वेग मरतो. मग हे बघा, हिव्ह-टू. बोट वळवली पण पुढच्या शिडाची दोरी तशीच बांधलेली ठेवली, ते शीड उलट्या बाजूने भरलं, टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ढकलून बांधला, आणि बोट जागच्या जागी हळूहळू सरकत राहिली, मोठा भाऊ निवांत पाणी पितोय! वारा वाढला, कोणी घाबरलं, दोरी गुंतली, विचार करायला वेळ मिळतो तो असा. शीड लहान करायचं, म्हणजे रीफ, तेही वारा चढायच्या आधीच.

वारा मागून असताना बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, एकदम दुसऱ्या बाजूला येतो, डोकं फुटू शकतं, म्हणून आधी दोरी ओढून घ्यायची, ओरडून सांगायचं, मगच वळायचं.

मे-जूनच्या वादळाने रावेर-यावलकडच्या केळीबागा आडव्या होतात, तसलं आभाळ दिसलं की बोट बाहेर काढायचीच नाही.

आणि हा नारिंगी ड्रम म्हणजे पाण्यात पडलेला माणूस. धाकट्याच्या हाताचं बोट सतत त्याच्याकडे, नजर हलवायची नाही. मोठा थोडं लांब जाऊन वळतो, वाऱ्याच्या खालच्या बाजूने, म्हणजे वारा जिकडे वाहतोय तिकडून, परत येतो, शिडं सैल सोडतो आणि ड्रमपाशी बोट जवळजवळ थांबवतो. पहिल्या वेळी वेग जास्त होता, ड्रम मागे राहिला. पुन्हा केलं. वारा कसाही असो, ड्रम हाताला लागेपर्यंत कुणाही पाहुण्याला बोटीत घ्यायचं नाही, असं सरांनी सांगितलंय आणि दोघांनी ते मान्य केलंय.