डबल बेल, साठाव्या वर्षी

श्रोतेहो, नमस्कार.

तेहेतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. नाशिक-पेठ, नाशिक-हरसूल, मधूनमधून कळवण. या काळात माझ्या हातून झालेलं लिखाण म्हणजे वेबिल. टप्पा आला की तिकिटांचे नंबर मांडायचे, डेपोत गेल्यावर हिशेब जुळवायचा. चार आणे कमी भरले तर खिशातून घालायचे. निवृत्तीनंतर साठाव्या वर्षी मी गोष्ट लिहायला बसलो, तेव्हा घरच्यांना वाटलं, पेन्शनचा काहीतरी अर्ज चाललाय.

पहिली गोष्ट एका बापाची होती. मुलाला आश्रमशाळेत सोडायला निघालेला, डोक्यावर पत्र्याची पेटी. मी लिहिलं, ‘त्याच्या नेत्रांत वात्सल्याचा सागर उचंबळला होता.’ दोन दिवस त्या वाक्यावर खूष होतो. बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “अहो, तुम्ही कधी ‘नेत्र’ म्हणता का? चष्मा हरवला की तर ‘डोळे फुटले माझे’ म्हणून ओरडता.”

राग आला. गोष्ट तशीच एका मासिकाला पाठवली. तिथून साभार परत आली, सोबत छापील चिठ्ठी. चिठ्ठीपेक्षा बायकोचं वाक्य जास्त लागलं होतं, हे कबूल करायला मला महिनाभर लागला.

मग मी टिळकपथावरच्या सार्वजनिक वाचनालयात जायला लागलो. हे वाचनालय १८४० सालचं, आणि मी त्याच्यावरून शेकडो वेळा गेलेलो, आत पाऊल नाही. तिथे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती लागली. बाई आपल्याच भागातल्या, जलालपूरच्या, जन्म १८६८चा. शाळेत गेलेल्या नाहीत, अक्षरओळख लग्नानंतर झाली. पुस्तक १९३४ सालापासून भागाभागांनी निघालं, म्हणजे तोवर त्यांनी पासष्टी ओलांडली होती. पण मला वयाचं कौतुक वाटलं नाही. बाई बोलतात तशा लिहितात, याचं वाटलं. घरातली भांडणं, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, स्वतःची फजिती, सगळं ओट्यावर बसून सांगावं तसं. नेत्र कुठेच उचंबळत नाहीत.

घरी येऊन त्या बापाकडे परत गेलो. तो खरोखर काय म्हणाला होता? मी त्याला सांगितलं होतं, पेटी टपावर टाक आणि तू खिडकीत बस. तो म्हणाला, “पोराला बसू द्या खिडकीत. मला काय, माघारी जाताना सगळी गाडी मोकळीच हाये.”

हे वाक्य वीस वर्षं माझ्याकडे पडून होतं, आणि मी त्याच्यावर सागर ओतत बसलो होतो.

उशिरा लिहिणाऱ्याची अडचण हीच आहे असं मला वाटतं. माल भरपूर असतो, पण आपल्याला तो माल वाटत नाही. शाळेत शिकलेले शब्द, समारंभातली भाषणं, तेच साहित्य वाटतं. तेव्हापासून मी वहीत वेबिलासारखं लिहितो: कोण चढलं, हातात काय होतं, काय बोललं, कुठे उतरलं. विशेषणं नंतर. बहुतेक वेळा लागतच नाहीत. तरुणांच्या मानाने माझा हात फार सावकाश चालतो. सकाळी दूध आणल्यापासून नळाला पाणी येईपर्यंत, जेमतेम एक पान. गुडघे कुरकुरतात, तेव्हा अर्धंच.

ती गोष्ट पुढे एका दिवाळी अंकात छापून आली. मानधन विचारू नका. दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या ड्रायव्हर दादांचा फोन. मला वाटलं, अभिनंदन करतायत. ते म्हणाले, “पान तीनवर सावळघाट उतरताना गाडी न्यूट्रल केलीय तू. मी होतो ना रे स्टिअरिंगवर? माझी नोकरी घालवायचीय का?”

नव्या गोष्टीतही घाट आहे, आणि पाऊस. कच्चा खर्डा झालाय. उद्या तो घेऊन जेल रोडला दादांकडे जायचंय. ते वाचणार नाहीत, चष्मा लावायचा कंटाळा. मीच वाचून दाखवणार, आणि गिअर आला की ते मला थांबवणार.

नमस्कार.