अर्ध्यावर थांबलेला रस्सा

(पडदा काळा. आधी यंत्रमागांचा आवाज. मग कुकरची एक लांब शिट्टी.)

सोलापूरचा पूर्व भाग. रविवारची सकाळ. गल्लीत मागांचा खडखडाट चालू आहे, पण तो इथं कुणाला ऐकूच येत नाही. थांबला की मात्र लोक दारात येऊन बघतात, काय झालं म्हणून.

संक्रांत होऊन गेलीय, सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे गड्डा, अजून भरलेला आहे. जत्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते, त्या दिवसांत या घरात मटण शिजलं नाही, त्यामुळे आजच्या रविवाराची वाट सगळेच बघत होते. मटण म्हणजे रस्सा आणि रस्सा म्हणजे काळं तिखट. आम्ही मावशींना सांगितलं, आज आधी मटण-भाज्यांचं सूप, तिखटाचा डबा आज उघडायचा नाही. त्या हसल्या नाहीत.

(मावशी पाटावर कांदा चिरतायत.)

रश्श्याच्या आधी एक टप्पा असतो. मटण हळद, मीठ, आलं-लसणात शिजतं आणि मसाला पडायच्या आत वाटीभर पाणी बाजूला निघतं. ते लहान पोराला, तापातून उठलेल्याला, दात गेलेल्या आजोबांना. हेच अळणी. मीठ त्यात असतंच, नसतं ते तिखट. तरी नाव अळणी. तिकडे युरोप-अमेरिकेत थंडीत बीफ आणि भाज्यांचं दाट सूप करतात: हाडाचं मांस, गाजर, बटाटा, सेलरी, पुष्कळदा बार्ली. एक वाडगा प्यायला की जेवण झालं. आपल्या अळणीला ही बढती कधी मिळाली नाही. ते कायम आजाऱ्याच्या वाटीत राहिलं.

बीफचं म्हणाल तर महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, मार्च २०१५पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस-रेडा त्या बंदीत येत नाहीत; ज्या घरांत ते खातात तिथं ‘मोठ्याचं’ म्हणतात. मावशींकडे बोकडाचं. रीत दोन्हींची एकच, मोठ्याच्या मटणाला वेळ जास्त द्यायचा.

(कागदावर मटण. नळी, खांद्याचे तुकडे.)

अर्धा किलो मटण. पण कुठलं, हे महत्त्वाचं. रश्श्याला लोक मऊ तुकडे मागतात. सुपाला नळी आणि खांदा हवा, नळी फोडून. या भागाचं मांस चिवट असतं, त्यात पांढरे पडदे दिसतात. ते कोलॅजेन. मंद आचेवर बराच वेळ शिजलं की त्याचं जिलेटिन होतं आणि पाण्याला अंग येतं. मक्याचं पीठ कालवून सूप दाट करणं हे हॉटेलचं काम. घरात नळी असताना त्याची गरज नाही.

पहिला वाद इथंच झाला. मावशींची पद्धत अशी की धुतलेलं मटण हळद-मीठ लावून तसंच पातेल्यात टाकायचं, वर ताट, ताटात पाणी, आणि मटणाला त्याचंच पाणी सुटू द्यायचं. रश्श्याला ते उत्तम. सुपाला मात्र आम्ही हट्ट धरला: मटण फडक्यानं कोरडं पुसून, चमचाभर तेलात थोडं थोडं टाकून लालसर होईपर्यंत परतायचं. ओलं मांस भाजलं जात नाही, वाफेवर पांढरं पडतं. काळं तिखट घालायचं नसेल तर रंग आणि खमंगपणा दुसरीकडून कुठून येणार?

“काय बघूलालास? हलव की, खाली लागलं!”

तळाला लागलेलं ते तपकिरी खरवडूनच तर घ्यायचंय, मावशी. त्यात दोन कांदे, आठ-दहा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, तमालपत्र, चार-पाच मिरे. सेलरी शोधत फिरायचं कारण नाही, कोथिंबिरीचे देठ दोऱ्यानं बांधून टाकले, शेवटी काढून घ्यायचे. वरून दीड लिटर कढत पाणी. गार पाणी ओतलं की मटण निबर होतं, असं मावशींचं ठाम मत आहे. आम्ही या बाबतीत वाद घातला नाही.

उकळी आली की वर फेस येतो, तो झाऱ्यानं काढायचा. मग कुकरचं झाकण. शिट्ट्या मोजायच्या नाहीत, घड्याळ बघायचं: पहिली शिट्टी झाली की आच बारीक, आणि साधारण पंचवीस मिनिटं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, उघड्या पातेल्यात पाणी शंभराच्या दीडेक अंश आधीच उकळतं. कुकरमध्ये ते १२० अंशांपर्यंत चढतं. म्हणून उघड्यावर दोन तासांचं काम इथं अर्ध्या तासात. वेळ असेल तर मात्र पातेलंच. घरभर जो वास सुटतो तो कुकरमध्ये कोंडला जातो.

(अंगणात धान्य पाखडायचं सूप. त्यात हिरवी कणसं.)

आणि बार्लीच्या जागी? या दिवसांत सोलापुरात हा प्रश्न कुणी विचारूच नये. हुरडा. शेतावरून आलेली ज्वारीची कणसं, गोवऱ्यांच्या आरात भाजून हातावर चोळलेला कोवळा दाणा. शेंगाचटणीबरोबर खाऊन उरला तर दोन मुठी सुपात. दहा मिनिटांत मऊ होतो आणि दाताखाली तरी लागतो. हंगाम सरला की मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, भाकरीचीच. पण ती रात्रभर भिजवायची आणि मटणाबरोबरच कुकरला लावायची, नाहीतर दाणा खडा राहतो.

भाज्या आता, झाकण उघडल्यावर. आधी गाजर आणि बटाटा, मोठ्या फोडी. मग दुधी, घेवडा. शेवटी मटार, हुरडा, आणि दोन टोमॅटो. टोमॅटो आधी टाकला की त्याच्या आंबटपणानं बटाटा, घेवडा लवकर शिजत नाहीत. मीठ दोनदा: थोडं सुरुवातीला, उरलेलं चाखून.

(मावशी मागावरच्या डागी टॉवेलनं कुकर उचलतात. वाडगे. कडक भाकरी मोडल्याचा आवाज.)

आजोबांनी भाकरी चुरून घातली, लिंबू पिळलं, नळी ताटावर दोनदा आपटली. मगज निघाला. कुणी काही बोललं नाही. नातू म्हणाला, “रस्सा कधी?”

उरलेलं सूप गार करून फ्रिजमध्ये गेलं. जानेवारीत ठीक, उन्हाळ्यात इथं पारा चाळिशीपार जातो, तेव्हा तासाभराच्या आत ते फ्रिजमध्ये जायलाच हवं.

(दुसरा दिवस. सकाळ. माग चालू.)

मावशींनी डबा उघडला. वर चरबीचा पांढरा थर, खाली सूप थिजून बसलेलं. डबा हलवला, सगळं एकदम थरथरलं. चमचा उभा राहिला.

“आता हे झालं खरं,” त्या म्हणाल्या, आणि वरची चरबी काढून कढईत टाकली. ती वितळली. मग फळीवरून डबा खाली आला. काळ्या तिखटाचा.