मॅन्युअल न वाचण्याची कारणं, आणि नागपुरात वाचावीच अशी काही पानं

मंडळी, नव्या गाडीची डिलिव्हरी घेताना काय होतं? हार, नारळ, पेढे, मोठ्या किल्लीसोबत फोटो. मग शोरूममधला पोरगा वीसेक मिनिटांत ब्लूटूथ आणि सनरूफ दाखवतो. मॅन्युअल रेक्झिनच्या फोल्डरमधून डॅशबोर्डच्या खणात जातं आणि बहुतेक वेळा गाडी विकेपर्यंत तिथंच राहतं. विचारलं तर सरळ उत्तर मिळतं : "गाडी चालते ना, मग काहून वाचाचं?"

याला लोक आळस म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. सर्व व्हेरियंटसाठी एकच पुस्तक छापतात, त्यामुळे दर परिच्छेदाला 'असल्यास' चिकटलेलं असतं. ते आपल्या गाडीत आहे की नाही, हे आपणच शोधायचं. कोर्टकचेरी टाळण्यासाठी इशारे इतके, की सीटबेल्टचीच पानंच्या पानं. भाषा बहुधा इंग्रजी. कामाची दहा-बारा पानं या गर्दीत हरवतात.

पण खरं कारण वेगळं आहे. न वाचल्याची शिक्षा लगेच मिळत नाही. हवा आज चुकते, टायर दोन वर्षांनी जातो, आणि दोष रस्त्याला लागतो. शिवाय आपला भरवसा मिस्त्रीवर. तो दिवसभरात दहा कंपन्यांच्या गाड्या हाताळतो. तुमच्याच मॉडेलचा आकडा त्याच्या डोक्यात कसा असेल? मग हवा सगळ्यांना सरसकट ३५ पीएसआय (पीएसआय म्हणजे दाबाचं माप).

तर हवेचंच आधी घेऊ, कारण नागपुरात सर्वांत जास्त घोळ तिथं आहे. योग्य आकडा मॅन्युअलमध्ये असतो, आणि बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवरही. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा, तो भरायचा नसतो. स्टिकरवर अनेकदा दोन आकडे असतात : दोघा-तिघांसाठी एक, पूर्ण भारासाठी दुसरा, आणि त्यात मागच्या चाकांचा जास्त. पाच जण आणि डिकीभर सामान घेऊन शिर्डीला निघताना दुसरा लागतो.

हे आकडे थंड टायरचे असतात. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर चाललेली. तापमान सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने चढतो. मे महिन्यात सकाळी २८ अंशांना ३३ भरलेला टायर दुपारी वर्धा रोडवर धावून आतून ६४ अंशांवर गेला, तर गेज ३९ दाखवेल. यात बिघाड काहीच नाही. टायर बनवणाऱ्यानं ही वाढ धरलेलीच असते. पण "उन्हाळा आहे, फुटेल" म्हणून पंपावर हवा काढून ३३ केली, की तोच टायर दुसऱ्या दिवशी सकाळी २८ पीएसआयवर येतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात बाजूनं जास्त वाकतो, वाकल्यानं तापतो, आणि समृद्धीवर १२० च्या वेगात तासभर तापला की थर सुटतात. म्हणजे फुटण्याच्या भीतीनं काढलेली हवाच टायर फोडते. उलट, मे महिन्यात भरलेली हवा डिसेंबरच्या दहा-बारा अंशांत न गळताही तीनेक पीएसआयनं उतरते. तेव्हा महिन्यातून एकदा, सकाळी, घराजवळच्या पंपावर. नायट्रोजन भरला तरी हेच गणित.

दुसरं पान सर्व्हिसच्या तक्त्याचं. १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, हे सर्वांना पाठ असतं. त्याच्या पुढेमागे 'कठीण परिस्थिती' असा वेगळा तक्ता असतो, तो कोणी उघडत नाही. त्यातल्या अटी बघा : धूळ, कडक ऊन, जवळच्या खेपा, सिग्नलवर उभं राहणं. धरमपेठ ते सीताबर्डी रोज करणारी गाडी यात बसते. कोराडी किंवा उमरेडकडची तर नक्कीच. एक हिशेब करा. ताशी ६० च्या सरासरीनं १०,००० किलोमीटरला इंजिन १६७ तास चालतं, ताशी २० च्या सरासरीनं ५०० तास. ओडोमीटरवर दोन्ही सारखेच, ऑइलनं मात्र तिप्पट काम केलं. म्हणून या तक्त्यात ऑइल आणि एअर फिल्टरची मुदत कमी दिलेली असते. ब्रेक ऑइलचा किलोमीटरशी संबंध नाही. ते हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे त्याचा उकळबिंदू उतरतो. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

बीएस ६ डिझेलवाल्यांनी डीपीएफचं पान आज रात्रीच काढावं. हा धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. ती जाळायला एक्झॉस्ट बराच वेळ तापलेला लागतो. शहरातल्या तीन-चार किलोमीटरच्या खेपेत जळण सुरू होतं आणि आपण गाडी बंद करतो. असं वारंवार झालं की दिवा लागतो. त्याचा अर्थ गॅरेज गाठा असा नाही. ठराविक वेगानं ठराविक मिनिटं न थांबता चालवा, असा आहे. वेग आणि मिनिटं तुमच्या मॅन्युअलमध्ये आहेत, आउटर रिंग रोड हाताशी आहे. दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद तोडते. शिवाय अर्धवट जळणात जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमालखुणेच्या वर दिसलं तर खूश होऊ नका, ते पातळ झालंय.

कूलंटबद्दल दोनच गोष्टी. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण उघडायचं नाही. दाब सुटताच आतलं उकळून अंगावर येतं. आणि बोअरचं पाणी ओतायचं नाही, त्यातले क्षार आत थर धरतात. अनेक नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो : निळा दिवा म्हणजे इंजिन थंड, लाल म्हणजे बाजूला घ्या.

बटण-स्टार्ट गाडीच्या किल्लीची बॅटरी संपली की लोक टोइंगवाल्याला फोन करतात. किल्लीच्या पोटात बहुधा दारासाठी धातूची किल्ली असते. आत बसून किल्लीचा रिमोटच स्टार्ट बटणाला किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी टेकवला, की बहुतेक गाड्या सुरू होतात.

शेवटी स्टेपनी. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. जॅक दाखवलेल्या खाचेतच लावायचा, नाहीतर खालचा पत्रा दबतो. घट्ट करताना समोरासमोरचे नट आळीपाळीनं. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते. काही गाड्यांत स्टेपनीच नसते, पंक्चर किट असतं. त्यातला चीक टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं बारीक भोक बुजवतो, बाजूला फाटलेलं नाही. त्या बाटलीवर मुदत छापलेली असते.