किरणाला आकार देणारी काच

झवेरी बाजारातली दुपार. पाटलीच्या आतल्या अंगाला सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, उमटतोय. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यावर तो लागतोच. कोरतो लेझर, आणि अशा बऱ्याच यंत्रांत तो तयारच होतो इटर्बियम हा धातू मिसळलेल्या काचतंतूत. तरंगलांबी १०६४ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा.

हा किरण मधोमध प्रखर असतो आणि कडेकडे मंदावत जातो. बारीक अक्षरं कोरायला ते बरंच. पण पोलादाचा मोठा भाग एकसारखा तापवायचा असेल, तर? मधलं करपतं, कडेचं कच्चं राहतं.

पुढे भिंगं लावून किरण सपाट करता येतो. पण भिंग हललं, धूळ बसली, की झाला घोळ. मग तंतूच बदलला तर?

बाहेरून तंतू गोलच, बहुतेकदा १२५ मायक्रॉनचा किंवा त्याहून जाड. बदलतो तो आतला, प्रकाश वाहून नेणारा गाभा. तो रुंद आणि चौकोनी केला, की प्रकाश असंख्य वाटांनी जातो, वाटा एकमेकींत मिसळतात आणि टोकाला जवळपास एकसारखा चौकोनी ठिपका पडतो. फुकट मात्र काही नाही: असा किरण फार बारीक ठिपक्यावर आणता येत नाही. गाभ्याभोवती काचेचं आणखी एक कडं ठेवलं, तर मध्ये ठिपका आणि भोवती वलय मिळतं. तांब्याच्या वेल्डिंगमध्ये त्यामुळे वितळलेल्या धातूचे शिंतोडे कमी उडतात.

हा आकार ठरतो जाड दांड्यात, प्रीफॉर्ममध्ये. भट्टीत सुमारे २००० अंशांना तो मऊ होतो आणि खाली ओढला जातो. आतली रचना तशीच राहून बारीक होते. तशीच, म्हणजे जवळजवळ. काच जास्त तापली की चौकोनाचे कोपरे गोलावू लागतात.

भोकांचे तंतू, म्हणजे ज्यांच्या आत लांबीभर हवेची बारीक भोकं असतात ते, तर आणखी हट्टी. पहिला १९९६ मध्ये इंग्लंडमध्ये निघाला. आपल्याकडे कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था खास तंतूंवर काम करते. पोकळ काचनळ्या हातानं एकेक रचायच्या, मोळी बांधायची आणि ओढायची. आतला हवेचा दाब कमी पडला की भोकं मिटतात, जास्त झाला की फुगतात. तेवढा तंतू कापून टाकायचा, दाब थोडा बदलायचा आणि ओढत राहायचं.